बिनपाण्याचा संडास आणि बादलीचा प्रश्न

वार्षिकांकात कविता, कथा आणि सहलीची वर्णने यांच्या शेजारी संडासावरचा लेख पाहून काही वाचक नाक मुरडतील याची मला कल्पना आहे. आपल्या भाषेने या विधीला आडपडद्याची अनेक नावे दिली. ‘परसाकडे जाणे’ म्हटले, ‘बहिर्दिशेला जाणे’ म्हटले, पूर्वीच्या मुंबई-ठाण्याकडच्या घरांतून ‘टमरेल घेऊन जाणे’ असेही म्हटले जाई. पण त्याच भाषेने मानवी मैल्यापासून होणाऱ्या खताला ‘सोनखत’ हे नाव दिले आहे, हे आपण सहसा विसरतो. ज्या वस्तूकडे पाहायचेही नाही तिचे काही महिन्यांनी सोने होते, हे शेतकऱ्याला ठाऊक होते. या दोन शब्दांमधले अंतर कोण आणि कसे पार करतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी टेंभी नाक्याजवळ राहतो. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या तिथल्या नवरात्रोत्सवाला किती गर्दी लोटते ते ठाणेकरांना सांगायला नको. अशा गर्दीच्या दिवसांत कोठेतरी रस्त्याच्या कडेला फिरत्या शौचालयाची गाडी उभी केलेली दिसते. चाके आहेत, पायऱ्या आहेत, चार-सहा कप्पे आहेत. वरच्या टाकीत पाणी भरायचे, खालच्या टाकीत मैला साठवायचा आणि ती भरली की शोषण यंत्राच्या गाडीने उपसून मलनिःसारण केंद्राकडे न्यायची. पाहणाऱ्याला वाटते, ही गाडी कोठेही नेता येईल. वस्तुतः ती फिरते फक्त चाकांपुरती. तिची एक नाळ नळाला बांधलेली असते आणि दुसरी गटाराला. जिथे नळ नाही आणि गटारही नाही, तिथे ती दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होते आणि तिसऱ्या दिवशी उपद्रवी.

हे मला समजले ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरामुळे. आमचे शिबिर शहापूर तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावर भरते. वाचकांना माहीत असेल की मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय याच तालुक्यात आहेत. या तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी येते, ही गोष्टही तितकीच खरी. आमच्या शिबिराला साधारण पन्नास मुले-मुली असतात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुली. मुलांनी पहाटे डोंगराकडे जावे आणि मुलींनी शाळेच्या एकमेव संडासासमोर रांग लावावी, अशी आमची अनेक वर्षांची व्यवस्था होती. शाळेच्या संडासाला पाणी विहिरीवरून आणावे लागे, आणि विहीर पाड्याचीच. एका वर्षी शिबिरात एका मुलीला चक्कर आली. डॉक्टरांनी विचारपूस केली तेव्हा कळले की ती आणि तिच्या मैत्रिणी सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. दिवसभर जावे लागू नये म्हणून. त्यानंतर मी या विषयावर हाती लागेल ते वाचू लागलो.

पाण्याचा संडास आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की, पाणी हे स्वच्छतेचे साधन नसून मुख्यतः वाहतुकीचे साधन आहे हे लक्षातच येत नाही. एका माणसाचा दिवसाचा मैला पाव किलो ते तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. तो दृष्टीआड करण्यासाठी शहरी टाकी एका वेळी सहा ते दहा लिटर पाणी सोडते. एवढे स्वच्छ पाणी घाण करून ती घाण दुसऱ्या कोणाच्या तरी दारी पोचवायची, याला आपण आधुनिक व्यवस्था म्हणतो. बिनपाण्याच्या संडासात ही वाहतूकच रद्द होते. मैला जिथे पडतो तिथेच, किंवा थोड्या अंतरावर, त्याचे खत करायचे.

त्यामागचे शास्त्र शेणखताचा खड्डा पाहिलेल्या कोणालाही कळण्यासारखे आहे. सूक्ष्म जीवाणूंना कार्बन लागतो तो शक्तीसाठी आणि नत्र लागते ते वाढीसाठी. कार्बनचे प्रमाण नत्राच्या पंचवीस ते तीस पट असले की त्यांचे काम जोरात चालते. मानवी मैल्यात हे प्रमाण जेमतेम सहा ते दहा पट असते, आणि लघवीत तर कार्बन जवळजवळ नसतोच. म्हणजे नुसता मैला साठवला तर नत्र जास्त होते, ते अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि आपल्या नाकाला झोंबते. त्यात ओल जास्त असेल तर हवा आत शिरत नाही, हवेवाचून जगणारे जीवाणू माजतात आणि सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. उपाय सोपा आहे. प्रत्येक वेळी वरून मूठ-दोन मूठ कोरडा, कार्बनयुक्त पदार्थ टाकायचा : लाकडाचा भुसा, सुका पाला, बारीक केलेला पेंढा. तो ओल शोषतो, हवेला वाट ठेवतो, माशांना अडवतो आणि नत्र धरून ठेवतो. लघवी शक्यतो निराळी ठेवायची, कारण आपल्या शरीराबाहेर पडणारे बहुतेक नत्र आणि बहुतेक पाणी तिच्यातच असते. ती मैल्यात मिसळली की दोन्ही बिघडतात. चांगल्या चाललेल्या कोरड्या संडासाला वास येत नाही, असे पुस्तकात वाचले तेव्हा मला ती लेखकाची हौस वाटली होती. आता वाटत नाही.

राखेबद्दल मात्र एक गैरसमज आढळतो. राखेमुळे वास जातो आणि माशा येत नाहीत हे खरे. पण राखेत कार्बन उरलेला नसतो, तो जळून गेलेला असतो. राख मैल्याला अल्कधर्मी करते आणि कोरडे करते. रोगजंतू मारण्यासाठी ती उत्तम, पण खत घडवणाऱ्या जीवाणूंना तिचा उपयोग नाही. एकाच संडासात अर्धे राखेचे आणि अर्धे भुशाचे तंत्र वापरले की धड हे ना ते अशी गत होते. शहरांतल्या काही फिरत्या संडासांच्या टाकीत जे निळे रसायन घालतात त्याचीही गोष्ट अशीच. ते वास दाबते ते जीवाणू मारूनच, मग खत कोण करणार?

ही कल्पना काही नवी नाही. लडाखमध्ये घरातच दुमजली कोरडा संडास असतो. वरच्या खोलीच्या जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि खावडे. खालच्या खोलीत वर्षभर साठलेले खत वसंतात शेतावर जाते. इंग्लंडमध्ये डॉर्चेस्टरजवळच्या फोर्डिंग्टन येथील हेन्री मौल या धर्मोपदेशकाने पटकीच्या साथी पाहिल्या आणि १८६० साली मातीच्या संडासाचे एकस्व घेतले. बैठकीच्या मागे कोरड्या मातीचे पात्र, दांडा ओढला की पाण्याऐवजी माती पडते. त्या काळी हिंदुस्थानातल्या तुरुंगांतूनही ही कोरड्या मातीची पद्धत अंगिकारण्यात आली. पुढे डॉ. पूअर या इंग्रज वैद्याने ग्रामीण आरोग्यावर लिहिताना दाखवून दिले की, जमिनीचा वरचा नऊ ते बारा इंचांचा थर हाच खरा जिवंत थर, मैल्याची माती तिथेच लवकर होते. खोल पुरले तर काहीच होत नाही. गांधीजींनी या डॉ. पूअर यांचा दाखला आपल्या ग्रामसफाईवरच्या लेखनात दिला आणि आश्रमांतून उथळ चरांचे संडास रूढ केले. चर भरत जाईल तसा आडोसा पुढे सरकवायचा आणि मागे माती ओढायची. फिरत्या, बिनपाण्याच्या संडासाचा हा आपल्याकडचा सर्वांत साधा नमुना. स्वीडनमध्ये रिकार्ड लिंडस्ट्रॉम यांनी १९३९ साली उतरत्या तळाच्या मोठ्या पेटीचा संडास आपल्या घरासाठी बांधला आणि पुढे जगभरच्या अभयारण्यांतून आणि पर्वतीय निवाऱ्यांतून त्या धर्तीचे संडास बसवले गेले. व्हिएतनामने १९५६ च्या सुमारास दोन कोठ्यांचा संडास खेड्यापाड्यांत नेला : एक कोठी वापरात, दुसरी मिटलेली.

पण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव आहे ते कोकणातले. सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांना लोक कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी मैला सफाईचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ते काम सवर्ण कैद्याला देता येत नाही असे सांगून ती नाकारण्यात आली. तेव्हा अप्पासाहेबांनी अन्न कमी करून सत्याग्रह आरंभला. ही बातमी येरवड्यात गांधीजींना कळताच त्यांनीही डिसेंबर १९३२ मध्ये सहानुभूतीचा उपवास सुरू केला आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तो लगेच सोडला. तुरुंगात अधिक चांगले अन्न मिळावे म्हणून उपोषण केल्याची उदाहरणे पुष्कळ असतील. घाण काढण्याचे काम मिळावे म्हणून केलेले हे मला ठाऊक असलेले एकच.

अप्पासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला आणि मेलेल्या जनावरांच्या चामड्यापासून संडासापर्यंत, ज्या ज्या कामाला समाजाने विटाळ मानले ते ते काम शास्त्रशुद्ध करून दाखवण्याचा उद्योग आरंभला. ‘गोपुरी संडास’ म्हणून जो प्रकार प्रसिद्ध झाला त्यात जमिनीखाली खड्डा खणण्याऐवजी जमिनीच्या वर कोठ्या बांधलेल्या असतात. त्या आळीपाळीने वापरायच्या, मैल्यावर पाला-माती टाकायची आणि खत झाल्यावर काढायचे. कोठ्या वर का? कोकणात ज्याने पावसाळा काढला आहे त्याला हे सांगावे लागणार नाही. जांभ्या दगडाच्या प्रदेशात आषाढात खड्डा खणला तर तो मैल्याने भरण्याआधी पाण्याने भरतो. लडाखच्या कोरड्या हवेत किंवा स्वीडनच्या पुस्तकात हा प्रश्नच नाही. परदेशी तंत्र आपल्याकडे आणताना पहिला आडवा येतो तो पाऊस, आणि त्याचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर पाऊणशे वर्षांपूर्वी कोणीतरी देऊन ठेवले आहे. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी पुढे संडासाला जैववायू संयंत्र जोडण्याचे मोठे काम केले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांनी देहूत उभारलेल्या सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतनाला नाव दिले ते अप्पा पटवर्धनांचे.

दुसरा अडसर आपल्या सवयीचा. पाश्चात्त्य पुस्तके गृहीत धरतात की माणूस कागद वापरतो. आपण धुतो, आणि धुणारच. ते पाणी मैल्यात गेले की सगळे गणित फसते. म्हणून आपल्याकडच्या कोरड्या संडासात धुण्याची जागा निराळी असावी लागते : बसण्याच्या जागेपासून हातभर सरकून एक फरशी, तिचा उतार बाहेर, बाहेर दगड-वाळूचा शोषखड्डा. माणशी अर्धा ते एक लिटर पाणी त्यासाठी लागतेच. तेव्हा ‘बिनपाण्याचा’ याचा अर्थ माणसाला पाणी नको असा नसून मैल्याला वाहण्यासाठी पाणी नको, एवढाच घ्यायचा.

आता आमच्या शिबिराकडे वळतो. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही जे उभे केले ते पाहून कोणी इंजिनिअर हसला असता. कारवीच्या कुडाचे चार आडोसे, बांबूच्या चौकटीला बांधलेले, दोन माणसांनी उचलून नेता येतील असे. प्रत्येकात लाकडी बैठक आणि तिच्याखाली रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, झाकणासह. शेजारी भुशाचा डबा आणि त्यात नारळाची करवंटी. लघवीसाठी वेगळा आडोसा आणि पेंढ्याने भरलेला उथळ चर. खत होण्यासाठी दोनशे लिटरची तीन निळी पिंपे, बाजूंना वरच्या अंगाला भोके पाडून त्यांवर जाळी बसवलेली, दगडांच्या जोत्यावर, विहिरीपासून दूर आणि उताराच्या बाजूला.

हिशेब असा होता. पन्नास माणसे, सात दिवस, माणशी पाव किलो : म्हणजे नव्वद किलोच्या आसपास मैला. शिवाय त्यावर टाकायचा भुसा, पण तो दबत जातो. अडीच पिंपे भरतील असा अंदाज होता आणि तसेच झाले. लघवी मात्र चारशे लिटरांच्या पुढे जाते, ती वेगळी ठेवली नसती तर पिंपांची संख्या तिप्पट करावी लागली असती आणि वास वेगळाच.

भुसा ठाण्यातल्या एका वखारीतून गोण्या भरून नेला. प्लायवूडचा नको, त्यात डिंक-रसायन असते, हे वखारवाल्याला पटवताना थोडा वेळ गेला. तुम्ही म्हणाल, जंगलात राहून भुसा शहरातून कशाला? आम्हीही आधी पाल्याचाच विचार केला होता. पण पाड्यावरच्या एका वयस्क शेतकऱ्याने, त्यांना तिथे सगळे बाबा म्हणतात, आम्हाला अडवले. त्या भागात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. पाला, कवळे, शेण हिवाळ्यापासून गोळा करून ठेवतात. आम्ही शंभर गोण्या पाला उचलला असता तर ते त्यांचे पुढच्या वर्षीचे राब झाले असते. शहरी माणसाला जो कचरा दिसतो तो खेड्यात बहुधा कोणाचा तरी साठा असतो.

तंत्राच्या बाजूने शिबिर चांगले पार पडले. मुली पाणी प्यायल्या, हे मी सर्वांत मोठे यश समजतो. दुसऱ्या दिवशी बैठकीखालून माशा आल्या, तेव्हा करवंटीऐवजी दोन करवंट्यांचा नियम केला आणि माशा थांबल्या. माणसांच्या बाजूने जे झाले ते सांगण्यासाठी हा लेख मी लिहायला घेतला आहे.

रोज सकाळी चार आडोशांतल्या बादल्या झाकण लावून पिंपापर्यंत न्यायच्या, ओतायच्या, वर भुसा टाकायचा, बादली थोड्या पाण्याने आणि राखेने घासायची आणि ते पाणीही पिंपाजवळच्या शोषखड्ड्यात टाकायचे. रबरी हातमोजे आणि साबण ठेवलेले होते. मी पाळ्यांची यादी लावली, पहिल्या दिवशी माझे नाव वर. पहिल्या दिवशी सर्वांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी यादीतली तीन नावे पेन्सिलीने खोडलेली होती. तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, पाड्यावरचा एक जण पाचशे रुपयांत सगळं उचलून द्यायला तयार आहे. त्यालाही पैसे मिळतील, आपलाही वेळ वाचेल.”

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण या देशात मैल्याची बादली ही नुसती बादली नसते. जुन्या ठाण्यातल्या वाड्यांमागे आणि चाळींमागे घरगल्ल्या असत. टोपलीच्या संडासातली टोपली मागच्या बाजूने काढून नेण्यासाठी त्या ठेवलेल्या, म्हणजे काम करणारा माणूस पुढच्या दाराने दिसू नये. ती टोपली वाहणारे लोक कोणत्या जातीतले असत हे मी लिहिण्याची गरज नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला आणि अधिक व्यापक असा दुसरा २०१३ साली. त्या दुसऱ्या कायद्याच्या व्याख्येत एक बारकावा आहे. मैला पूर्णपणे कुजून जाण्याआधी तो हाताने काढायला किंवा वाहायला माणूस नेमणे, यावर बंदी आहे. म्हणजे कायद्याने काळाची रेघ ओढली आहे. पिंपात वर्षभर राहिलेली माती उचलणे हे शेतीचे काम ठरते. आज सकाळची बादली पाचशे रुपयांत दुसऱ्याकडून उचलून घेणे हे तेच जुने काम, फक्त घरगल्लीऐवजी डोंगरात.

हे मी त्या रात्री सर्वांना समजावून सांगितले. अप्पासाहेबांची तुरुंगातली हकीगतही सांगितली, आणि मला वाटले की आपण चांगले बोललो. सभा संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. तो अत्यंत गुणी, शिबिरातल्या कामात सर्वांच्या पुढे. तो म्हणाला, “सर, माझ्या घरात तीन पिढ्यांनी हे उचललं. आजोबा याच घरगल्ल्यांतून जायचे. माझं नाव यादीत नको.”

मी निरुत्तर झालो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ सालच्या आपल्या काँग्रेस व गांधींवरील ग्रंथात, मैला साफ करण्याच्या कामाला थोरपणा चिकटवण्याच्या गांधीजींच्या भूमिकेवर कठोर टीका केली आहे. ती मी वर्गात शिकवतोही. ज्याला ते काम नाकारण्याची मुभा कधीच नव्हती त्याला त्या कामाचे पावित्र्य सांगण्यात काय अर्थ, हा तिचा रोख. अप्पासाहेबांनी ती बादली मागून घेतली यात त्यांचा मोठेपणा आहेच, पण त्यांना मागता आली. या मुलाच्या आजोबांना ती मागावी लागली नव्हती. सर्वांना समान पाळी लावणारी माझी यादी कागदावर समतेची होती. त्या मुलाच्या बाबतीत ती तशी नव्हती. मी त्याचे नाव काढले आणि खोडलेली तीन नावे पुन्हा लिहिली. ती तीन मुले माझ्यावर रागावली. एकाने विचारले, “मग त्याला का सूट?” मी उत्तर दिले, पण ते त्याला पटले असे मला वाटत नाही. मात्र पाळी तिघांनीही केली.

फिरत्या संडासाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. संडास फिरतो, त्याचे खत मात्र एका जागी थांबते. आम्ही सात दिवसांनी बसमध्ये बसून ठाण्याला आलो, पिंपे तिथेच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनानुसार वीस ते पस्तीस अंश तापमानात मैला कमीत कमी एक वर्ष साठवावा. थंड प्रदेशात दीड ते दोन वर्षे. जंतांची, विशेषतः गोल कृमींची अंडी फार चिवट असतात, बाकीचे जंतू मेले तरी ती महिनोन्‌महिने टिकतात. मोठा ढीग असेल, मीटरभर लांब-रुंद-उंच, तर त्यात पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत उष्णता निर्माण होऊन काम लवकर होते. दोनशे लिटरच्या पिंपात तेवढी ऊब टिकत नाही. तिथे उष्णतेचे काम काळाकडून करून घ्यावे लागते. आणि मधे येतो तो शहापूरचा पावसाळा, अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपासचा.

डोंगरांवर हाच प्रश्न आज जगभर उभा आहे. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या ग्रामपालिकेने २०२४ साली गिर्यारोहकांना आपापली विष्ठा पिशवीत घालून परत आणण्याची सक्ती केली. तेवढ्या थंडीत खत होतच नाही, तेव्हा परत आणणे हाच उपाय. आपल्या कळसूबाईवर किंवा हरिश्चंद्रगडावर शनिवार-रविवारी जी झुंबड उडते तिचे काय, हा प्रश्न मला अनेक ट्रेकर विद्यार्थ्यांनी विचारला. थंडी तिथे अडचण नाही, उलट हवा खताला अनुकूल आहे. गडाच्या पायथ्याशी, छपराखाली, जोत्यावर कोठ्या, आणि वर हलक्या बादलीचे आडोसे, हे तंत्राने शक्य आहे. पण सोमवारी सकाळी गडावरून बादल्या कोण उतरवणार? पायथ्याच्या वाडीतल्या कोणाला तरी मजुरी देऊन, असे उत्तर मनात येत असेल तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. माझ्या मते आपली बादली आपण उतरवायची तयारी असेल त्यानेच गडावर मुक्काम करावा. हे मत लोकप्रिय होणार नाही हे मला मान्य आहे.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही पिंपे उघडायला गेलो. यादीतले बहुतेक जण पदवी घेऊन गेले होते, आलेले सहा जण. पहिल्या पिंपातला माल निम्म्याहूनही खाली बसला होता. काळसर, भुसभुशीत, हातात घेतला तर भुशाचे दाणे अजून वेगळे दिसत होते, वास मातीचाच. त्यात एक प्लास्टिकचा कंगवा निघाला, तो जसाच्या तसा. दुसरेही ठीक होते. भाजीला हे खत वापरायचे नाही असे आधीच ठरले होते, तेव्हा शाळेच्या आवारातल्या दोन आंब्यांना आळी करून ते घातले आणि वर माती ओढली. बाबा बांधावर बसून पाहत होते. त्यांनी विचारले, “हे पोरांनी स्वतःच उचललं होतं ना?” होय म्हटल्यावर ते उठून आले आणि काठीने आळे नीट करू लागले. हात लावला नाही.

तिसऱ्या पिंपाचे झाकण पावसाळ्यात वाऱ्याने सरकले होते. आत पाणी शिरले होते. झाकण काढताच सगळे दहा पावले मागे गेले. तो माल खत झालेला नव्हता. नुसते तुंबलेले ते, कायद्याच्या रेघेच्या अलीकडचे. पाणी जाळीच्या भोकातून निथळू दिले, शोषखड्डा आणखी खोदला, दोन गोण्या कोरडा भुसा काठीने आत मिसळला, झाकण तारेने आवळून बांधले आणि वर दगड ठेवला. हे सगळे तासाभराचे काम होते, आणि ते मी व दोन माजी विद्यार्थ्यांनी केले. ज्याचे नाव मी यादीतून काढले होते तोही आला होता. तो दूर उभा होता. काम झाल्यावर त्याने रंगाचा डबा मागून घेतला आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिले : जानेवारी २०२६ पूर्वी उघडू नये.